धुळ्याची फांदी

अक्षय्य तृतीयेच्या, आखाजीच्या, सकाळी भिकुबाईने पुरणाची परात बाजूला ढकलली आणि नातीचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"आखाजीले बी हाई खोकं सोडस नही तू. काय शे त्यामा?"

मयुरी पुण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. "आजी, करोनाचा विषाणू एकातून दुसऱ्यात जाताना थोडा थोडा बदलतो. ते बदल वाचले की त्याच्या वंशाचं फांद्याफांद्यांचं झाड मांडता येतं आणि कळतं, कुठल्या देशात तो बाहेरून किती वेळा शिरला आणि आतल्या आत किती पसरला. कुणी सीमा बंद करून त्याला थोपवला, कुणाकडे दारं लावली तेव्हा तो आधीच घरात होता. आपल्याकडचे नमुनेही आहेत यात."

"मंग लिख," भिकुबाई कडाडली, "सुरतथाईन उना. तुनी माय लई उनी. बठ्ठा गावले माहित शे."

चुलीपाशी मयुरीची आई, दीपमाला, हातावर पुरणाचा मांडा फिरवत होती. टाळेबंदीत ती सुरतेहून, माहेराहून परतली आणि महिन्याभरात सासरा, मोतीलाल, करोनाने गेला. पाच वर्षांत सासूने तिला सुनावलं नाही, असा एक सण गेला नव्हता.

"सुरतेची फांदी आपल्या गावात सापडलीच नाही," मयुरी म्हणाली. "आजोबा गेले त्या जूनमधले नऊ नमुने तपासले. नऊही धुळ्याच्या फांदीवरचे."

"मायनी बाजू घेस का? धुळाले कोन गयथं?"

विचारता विचारताच तिला आठवलं.

त्याच दिवसांत धुळ्याला भिकुबाईचा भाऊ हिलाल वारला होता आणि त्याची गंधमुक्ती, सुतक फेडायचा विधी, होती. नाक्यानाक्यावर पोलीस होते. मोतीलाल म्हणाला होता, फोनवर बोलू. तिनेच त्याला शेतरस्त्याने पिटाळलं. मेहुण्याने दुखवट्याची टोपी नेली नाही, तर माहेरात तिचा काय मान राहिला असता? चौथ्या दिवशी त्याला ताप भरला.

तिने सुनेकडे पाहिलं.

"तुले माहित व्हतं?"

"ते धुळ्याहून आल्यापासूनचे दिवस मोजले होते मी."

"मंग बोलनी का नही?"

"तुम्ही विचारलंत कधी?" दीपमालाने मांडा खापरावर आपटला. तो मधोमध फाटला.

मयुरी घाईने म्हणाली, "आजी, यात कुणाचं नाव नसतं. गावाचंही नाही. फक्त जिल्हा."

"कशाले नही?" भिकुबाईचा आवाज चिरकला. "पाच वरीस हिनं नाव चालनं ना गावमा? आते मनं नाव टाक."

"तसं लिहीत नाहीत गं."

"नका लिखू. माले तोंड शे."

पुरणाने भरलेल्या हातांनीच ती उठली आणि अनवाणी शेजारच्या सुनंदाबाईच्या ओट्याकडे निघाली. तिथे आखाजीच्या झोक्याभोवती गावच्या बाया जमल्या होत्या.