मापाची वही आणि अकरा अक्षरं

शिंपीदादांना चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंचा सणकून राग आला होता. यायचाच! परदेशात राहणाऱ्या एकुलत्या एका लेकीच्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. गुरुवारपर्यंत दवाखान्याच्या खात्यात पैसे पोचले नाहीत, तर तारीख दुसऱ्याला जाणार. पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि तोवर डोळा राहील याची हमी द्यायला डॉक्टर तयार नव्हते. अशा वेळी बाईंनी फॉर्म काचेखालून सरळ परत सरकवला.

"हा बँकेचा कोड चालणार नाही."

"का नाही चालणार? याच कोडवर मी पोरीची कॉलेजची पहिली फी भरलीय! दवाखान्याचं खातंही त्याच बँकेत आहे. पोरगी कोड पाठवते म्हणाली, तर मीच म्हटलं, राहू दे, माझ्याकडे आहे."

आणि होताच. त्यांच्या मापाच्या वहीत, शेवटच्या पानावर, अकरा अक्षरं आणि आकडे. दादा गिऱ्हाइकाचं माप एकदाच घ्यायचे. मग माणूस सुटो नाहीतर वाळो, वही सांगेल तेच खरं. त्यापायी दोन-चार कोट गळ्याशी आले होते, पण दादा कबूल करतील तर शपथ.

"फी भरून किती वर्षं झाली?"

"सहा."

"ती बँक गेल्या वर्षी दुसऱ्या बँकेत विलीन झाली. हा कोड बंद पडलाय. पैसे इथून निघतील, मध्येच कुठेतरी अडकतील आणि पंधरा दिवसांनी माघारी येतील."

 दादांनी लेकीला फोन लावला, तर बंद. तपासणीला बसवलं असणार तिला. घड्याळात दीड वाजला होता आणि परदेशी पैशांचं काम तीनला थांबायचं.

"बसा," बाई म्हणाल्या. नुकताच उघडलेला डबा त्यांनी झाकला आणि फॉर्मवरच्या नंबरावर दवाखान्याला फोन लावला.

अख्खी बँक या बाईंना खडूस म्हणायची. त्या खडूस बाई सव्वा तास फोन कानाला लावून बसल्या. इकडून तिकडे, तिकडून आणखी कुठे! शेवटी नवा कोड मिळाला. त्यांनी एकेक अक्षर मोठ्यांदा वाचलं, दादांकडून वाचून घेतलं, कॉम्प्युटरवर बँकेचं नाव जुळवलं, पुन्हा वाचलं. तीनला पाच कमी असताना फॉर्मवर शिक्का बसला.

"सहा वर्षांपूर्वीच्या मापावर आज कोट शिवाल का हो तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"शिवतोच की," दादा खालमानेने म्हणाले.

बाई खुदकन हसल्या. दादांना मात्र हसू येईना. ते नुसते हात जोडून उभे राहिले आणि मागच्या माणसाने खांद्याला हात लावल्यावर बाजूला झाले.

पुढच्या आठवड्यात दादा पुन्हा खिडकीशी आले, गळ्यात टेप आणि काखेत वही.

"पैसे पोचले. ऑपरेशन झालं. काल पट्टी निघाली. बाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तुमच्यासाठी एक कोट शिवायचाय, नाही म्हणू नका. माप आत्ताच घेतो, आणि कापायच्या आधी पुन्हा घेईन."

"ते राहू द्या हो. मुलीला दिसतंय ना?"

"काल फोनवर चेहरा दिसल्या दिसल्या..." दादांनी गळ्यातली टेप सारखी केली. "पहिलं वाक्य काय म्हणाली माहितीये? 'बाबा, स्वतः शिंपी आणि शर्टाचं वरचं बटण तुटलेलं!'"

बाईंनी वाकून काचेतून पाहिलं. शर्ट कालचाच होता. बटणाच्या जागी दोन दोरे लोंबत होते.

"मग अजून लावलं नाहीत?"

दादांनी डोळे पुसले. "हात धजत नाही हो," ते म्हणाले. "तिने पाहिलंय ना ते."