अर्धा आटा

गल्लीच्या टोकाला ज्याचं मोटरसायकलचं गॅरेज होतं त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. नाव पडलं ते इंजिनांमुळे. गाडी अजून कोपऱ्यावर असायची आणि हा हातातला पाना खाली ठेवून सांगायचा, "फ्लोट अडकतोय," नाहीतर "हवा ओढतेय कुठूनतरी." गाडी दारात येईपर्यंत निदान झालेलं असायचं, आणि ते सहसा चुकायचं नाही. चुकलंच तर तो गाडीवर चिडायचा.

त्याच्याकडे रेसचे कार्बोरेटर बसवून घ्यायला लांबून लोक येत. बहुतेकांचा हिशोब सरळ होता: कार्बचा घसा जितका रुंद तितकी ताकद जास्त. कानसेन त्यांना आधी एकच विचारायचा, "गाडी चालवता कशी?" समोरचा गोंधळायचा. मग हा समजावून सांगायचा, "भाजी आणायला जाणार आणि घसा हत्तीचा लावणार? सिग्नलवर गुदमरेल ती. रुंद घशाला मोकळा रस्ता लागतो. मोकळा रस्ता आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग लहानच घ्या." या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय त्याने कधी कुणाच्या गाडीला हात लावला नाही, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. असा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या बाबतीत तो प्रश्न विचारायला साफ विसरला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी ठरायची नाही म्हणून. चार वर्षांपूर्वी ती गिटार वाजवायला एका बँडबरोबर गेली आणि तेव्हापासून फिरतच होती. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. झालं असतं तर बरं होतं, निदान समेट तरी करता आला असता. ती आईशी फोनवर तास-तास बोलायची. शेवटी फोन बाबांकडे यायचा, मग दोघं गाड्यांचं बोलत, आणि गाड्यांचं संपलं की "बरं, ठेवू?" म्हणत. त्याला तिची आठवण यायची. रोज यायची. ती ज्या उलट्या डब्यावर बसून गिटार शिकली तो ऑइलचा डबा अजून बाकड्याशेजारी होता आणि त्याच्यावर तो कुणालाही बसू देत नसे.

तिची ती पहिली गिटारही तिथेच भिंतीला टांगलेली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"गुरुवारी दुपारी येतेय म्हणाली," बायकोने एका सकाळी सांगितलं. "वाटेत आहे आपलं घर, म्हणून. पुढे कुठेतरी कार्यक्रम आहे तिचा. संध्याकाळच्या आत निघायचंय. आणि ती जुनी गिटार नेणार आहे."

"जुनी कशाला?"

"मला काय ठाऊक? विचारा तुम्हीच."

त्याने विचारलं नाही. गिटार खाली काढली, पुसली, छोट्या अँप्लिफायरला जोडली. गिटारच्या तारांखाली दोन पिकअप असतात, चुंबकाभोवती केसाहून बारीक तार गुंडाळलेले. तारा थरथरल्या की ती थरथर तेच उचलतात. एक गळ्याकडे, एक खाली, जिथे हात वाजवतो तिथे. खालचा मेला होता.

"अहो, गाडीला पिकअप नाही म्हणून रडणारी माणसं रोज बघते," बायको म्हणाली. "आता गिटारसुद्धा रडायला लागली?"

पण त्याच्या मनाने घेतलं होतं. ती यायच्या आत गिटार बोलती करायची, आणि अशी बोलती करायची, की तिने ती पाठीला लावून न्यावी आणि परत भिंतीवर टांगू नये. आपल्या हातचं काहीतरी तिच्याबरोबर रोज असावं, एवढंच त्याला हवं होतं.

वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवर पिकअपचे दोन खोके उघडून ठेवले. चष्मा दोरीला लावून गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. "हा हाय-गेन," त्या म्हणाल्या. "तारेचे वेढे जास्त, चुंबक दणकट. अँप्लिफायरला असा ढकलतो, की आवाज फाटतो. लोकांना फाटलेलाच हवा असतो. पण हळू वाजवलं, तर सगळं एकात एक मिसळतं. हा दुसरा, साधा. बोट जसं लावाल तसं बोलेल."

कानसेनला हे एका दमात समजलं. एक रुंद घशाचा, एक लहान घशाचा. त्याला बाई एकदम आवडल्या.

"वाजवणारं कोण आहे? काय वाजवतात?" बाईंनी विचारलं.

"मुलगी माझी. हळू वाजवते. नळ नीट बंद केला नाही की थेंब पडतात ना, तसं. शेजारी मूल झोपलेलं असलं तरी जागं व्हायचं नाही."

"नक्की? नाही, हल्ली बऱ्याच जणी..."

"अहो, मुलगी आहे माझी," तो म्हणाला, आणि साधा घेऊन आला.

बुधवारी त्याने तो बसवला. तारांना सोल्डरचे डाग इतके स्वच्छ दिले, की बायकोला बोलावून दाखवले. तिला त्यात काय बघायचं ते कळलं नाही, पण छान म्हणाली.

गुरुवारी दुपारी कोपऱ्यावर एक गाडी वळली आणि कानसेनच्या हातातला पाना खाली आला. खालच्या गतीला गाडी ठसकत होती, गुदमरत होती. मोठा कार्ब. कुणा अर्धवटाने बसवलाय, असं तो म्हणणार तेवढ्यात गाडी दारात थांबली आणि हेल्मेटखालून भिंगरी निघाली. वाळलेली, उन्हाने रापलेली, केस कापलेले. तो पुढे झाला आणि चार वर्षांनी भेटलेल्या मुलीला पहिलं वाक्य बोलला ते हे:

"कार्ब कुणी बसवला हा?"

"मी," ती हसत म्हणाली. "बरे आहात ना बाबा?"

"जुना कुठाय? आणलायस? दोन मिनिटांत लावून देतो."

"आधी तिला पाणी तरी पिऊ द्या!" आतून बायको ओरडली.

जेवणं झाली. आईने तिच्या केसांवरून दोन टोमणे मारले आणि तिसऱ्या वेळेला त्यांवरून हात फिरवला. मग कानसेनने गिटार तिच्या हातात दिली आणि बाकड्यावरचं काहीतरी उगाच आवरायला लागला. भिंगरी आपल्या डब्यावर बसली. डबा तिला आता बुटका पडत होता. तिने खालचा पिकअप लावून थोडं वाजवलं, थांबली, पुन्हा वाजवलं.

"छान आहे, बाबा."

जो माणूस इंजिनातली केसाएवढी खोट ओळखतो, त्याला त्या 'छान'मधली खोट ऐकू आली नसती तर नवल. त्याने वळून पाहिलं. तिच्या उघड्या बॅगेत कपड्यांवर एक लहानसा खोका होता. दुकानात बाईंनी ठेवलेल्या पहिल्या खोक्यासारखाच.

"ते काय?"

"काही नाही. बंद पडलाय म्हणाली होती आई, म्हणून मी घेऊन ठेवला होता एक. राहू दे. हाच चांगला आहे."

"हाय-गेन आहे?"

"बाबा, राहू दे ना."

"पण तू तर हळू वाजवतेस," तो म्हणाला. "इथे बसून किती वर्षं वाजवलंस. अगदी हळू."

भिंगरीने गिटार मांडीवर आडवी ठेवली. तिला हसू आलं होतं, पण ते तिने आवरलं.

"बाबा, तुम्ही कार्ब लावत असायचात. 'हळू वाजव, मला इंजिन ऐकू येत नाही,' असं कोण म्हणायचं?"

कानसेनला ते वाक्य आठवलं. एकदा नव्हे, शंभरदा म्हटलेलं, पाठमोऱ्याने म्हटलेलं. चार वर्षं जो आवाज त्याने जिवापाड जपला होता, रात्री पडल्या पडल्या ऐकला होता, तो तिचा नव्हताच. त्याने तिला दिलेली ताकीद होती ती. त्याला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्याला हातांना काम लागायचं. त्याने कानस बाजूला सारली, डाग द्यायची इस्त्री तापत ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. अनोळखी गिऱ्हाइकासमोर बसावं तसा.

"बरं, मग सांग," तो म्हणाला. "तू वाजवतेस कशी?"

तिने सांगितलं, तरी त्याला नीट कळलं नाही. मग त्याने साधा पिकअप काढला. तिने तो टाकू दिला नाही. "गळ्याकडे लावा हा," ती म्हणाली. "तिथला तसाही खरखरतो." आणि खाली तिचा हाय-गेन बसला. तिने अँप्लिफायरची सगळी बटणं उजवीकडे फिरवली, पायाने डबा मागे ढकलला आणि उभी राहिली.

पहिल्या फटक्याला रॅकवरच्या नटबोल्टांच्या डब्या नाचल्या. बायको कानांवर हात ठेवून दारात आली आणि तशीच उभी राहिली. आवाज फाटलेला होता, पण त्या फाटण्यातही एक सूर सरळ वर चढत होता, कुठेही न अडखळता. हे गाणं चांगलं की वाईट ते कानसेनला शेवटपर्यंत सांगता आलं नसतं. एवढं मात्र कळलं, की हे इंजिन पूर्ण उघडलंय, आणि हे त्याने आजवर कधी ऐकलं नव्हतं.

तिने थांबून त्याच्याकडे पाहिलं.

"गाडी काढ," तो म्हणाला. "चल. तू चालव, मी मागे बसतो."

लहानपणी ती टाकीवर बसायची, त्याच्या दोन हातांच्या मध्ये. आता तो प्लगचा पाना खिशात घालून तिच्या मागे बसला. गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर त्याने खांद्यावर थाप मारली आणि तिने मूठ पूर्ण पिळली. कानसेनने आधी सीटमागची दांडी धरली, मग लाज सोडून तिचं जॅकेट धरलं. ती पुढे वाकून, शांतपणे, जणू घरात बसलीय अशी चालवत होती. ठरल्याप्रमाणे वेगातच तिने इंजिन बंद केलं, गाडी कडेला घरंगळत थांबली, आणि त्याने गरम प्लग काढून उन्हात धरला. पांढरा पडला होता.

"बघ. वरच्या गतीला पेट्रोल कमी पडतंय. अशीच चालवत राहिलीस तर पिस्टनला भोक पडेल. पेट्रोल सोडणारा जेट वाढवायला हवा."

"म्हणजे जुना कार्ब नको?"

"कशाला? तू खालच्या गतीला चालवतेस कुठे?"

परत येऊन त्याने मोठा जेट घातला, पुन्हा दोघं गेले, आणि या वेळी प्लग चहाच्या रंगाचा निघाला. तसाच हवा होता. उरला फक्त आयडलिंगचा, उभ्या गाडीचं इंजिन चालतं ठेवणारा स्क्रू. भिंगरी आत आईकडे बॅग भरत होती. कानसेन स्क्रूड्रायव्हर लावून कार्बवर वाकला, स्क्रू हळूहळू फिरवत गेला, आणि इंजिन जिथे गोल, एकसारखं बोलायला लागलं तिथे त्याचा हात थांबला.

धंद्यात असे मिस्त्री असतात, जे हा स्क्रू मुद्दाम अर्धा आटा पुढे ठेवतात. धोका काही नसतो. गाडी आठवडाभर बरी चालते, मग सिग्नलवर बंद पडायला लागते, आणि गिऱ्हाईक कुरकुरत परत येतं. असल्यांना तो चोर म्हणायचा, तोंडावर म्हणायचा. आणि आज त्याचा स्वतःचा हात तिथे अडला होता. अर्धा आटा. पुढच्या महिन्यात तिचा फोन आला असता, आईला नाही, त्याला, "बाबा, गाडी बंद पडतेय हो." तो म्हणाला असता, घेऊन ये.

आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. आई काहीतरी बोलली असणार. कानसेनने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. स्क्रू होता तिथेच राहू दिला.

ती निघाली तेव्हा उन्हं उतरली होती. गिटार पाठीला होती. आईने तिला दोनदा जवळ घेतलं. त्याने गाडीच्या टाकीवर हात फिरवला आणि मग, उशिरा का होईना, तिच्या डोक्यावर.

"येते, बाबा."

"ये."

गाडी गल्लीतून गेली. पहिला गिअर, दुसरा. कोपरा वळली. तो रस्त्याच्या मधोमध मान जरा तिरकी करून उभा राहिला. मोठ्या रस्त्यावर तिने मूठ उघडली, तेही त्याला ऐकू आलं. तिसरा, चौथा. त्याने जन्मात कुठल्या इंजिनात शोधली नसेल इतक्या आशेने एखादी ठसक शोधली.

"गेली," बायको म्हणाली.

"थांब. ऐकू येतेय अजून."

"मला नाही बाई येत."

तो थांबला, बराच वेळ. मग त्यालाही ऐकू येईनासं झालं.

"अडकतेय का कुठे?" तिने विचारलं.

"नाही. कुठेच नाही," तो म्हणाला, आणि भर गल्लीत उभ्या उभ्या त्याला रडू फुटलं.

"अहो, मग रडता कशाला? चांगली लावून दिलीत की."

"हो ना," तो म्हणाला. "फारच चांगली लावून दिली."