प्रधान जींची मुलाखत

सुभद्राने वर्तुळातली जादा खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. पाहुणा एकच, म्हणून समोर खुर्चीही एकच. ती वळली तोवर त्या खुर्चीत पांढरा कुर्ता घातलेले एक गृहस्थ बसलेही होते. मागे दाराला लागून, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी होती.

“प्रधान जी?” सुभद्राने बाईकडे पाहून विचारलं.

“हां, बसलोय ना,” गृहस्थच म्हणाले. “बृजलाल. नाव हिचं आहे, काम मी बघतो.”

सुभद्राने भिंतीशी नेलेली खुर्ची परत आणली आणि बाईंना बसायला सांगितलं. त्या काठावर टेकल्या. आपल्याकडचे सरपंच ते इथले, लखनऊकडचे, प्रधान. फूलमती शहराबाहेरच्या ‘बक्षी का तालाब’ या ठिकाणापुढच्या एका गावातून महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आल्या होत्या. त्यांना बोलावून आणलं होतं त्याच गावच्या शाळेतल्या नीलमने. नीलम आता इतर शिक्षकांसोबत वर्तुळात वही उघडून बसली होती.

सुभद्रा शिकवत असलेल्या प्रशिक्षण संस्थेत सामाजिक शास्त्राच्या सव्वीस शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्यातली तिसऱ्या दिवसाची दुपार सुभद्राने मागून घेतली होती. पंचायतीचा धडा वाचून दाखवण्याऐवजी गावाने निवडून दिलेला माणूसच वर्गात बोलवायचा आणि मुलांनी त्याला प्रश्न विचारायचे, अशी ती पद्धत. शिक्षकांनी आधी ती स्वतः करून बघायची. प्राचार्य सक्सेनांना हे फारसं रुचलं नव्हतं. बाहेरचा माणूस आला की तास हातातून जातो, असं त्यांचं मत. भंडाऱ्याहून येऊन सुभद्राला लखनऊत बारा वर्षं झाली होती. इथे तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणत नाही, ‘देखते हैं’ म्हणतात, हे तिला ठाऊक झालं होतं. सक्सेना ‘देखते हैं’ म्हणाले होते आणि आता कूलरशेजारी बसून खरोखरच बघत होते. आज काही हाती लागलं नाही, तर पुढच्या तुकडीला या दुपारी व्याख्यान असणार होतं.

प्रश्न सुरू झाले. ग्रामसभा कधी भरते, हातपंप कोण दुरुस्त करतं, रस्त्याचं कसं ठरतं. प्रश्न फूलमतींना जात आणि उत्तर बृजलालकडून येई. उत्तरं वाईट नव्हती. शिक्षक मान खाली घालून ती उतरवूनही घेत होते.

“हा प्रश्न प्रधान जींना होता,” सुभद्रा एकदा म्हणाली.

“एकच गोष्ट आहे, मॅडम जी.”

हसू पसरलं. फूलमतीही पदराआड हसल्या. सुभद्राने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. कूलरशेजारून सक्सेनांनी घड्याळ पाहिलं.

तिने एक कोरी चिठ्ठी घेतली आणि बृजलालसमोर धरली.

“भाई साहब, आमचा एक नियम आहे. या खोलीत प्रत्येकाने पाहुण्यांना एक प्रश्न विचारायचाच. तुम्ही गावचे मतदार आहात ना?”

“आहे तर.”

“मग मतदार म्हणून एक प्रश्न लिहा. इथे, आमच्यात बसून.”

बृजलालना हा मान वाटला. ते उठले, दोन शिक्षकांच्या मधे जाऊन बसले आणि मांडीवर चिठ्ठी ठेवून विचारात पडले. समोर फूलमती एकट्याच राहिल्या.

“तुमचा दिवस कसा जातो?” मागून कुणीतरी विचारलं.

फूलमतींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो लिहीत होता.

“चारला उठते,” त्या म्हणाल्या. “दोन म्हशी आहेत. मग चूल. मग नातीची वेणी घालून तिला शाळेत पाठवते.” आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. “दुपारी बायका येतात. कुणाची पेन्शन अडलेली असते, कुणाच्या घरात पाणी शिरलेलं असतं. ऐकून घेते. रात्री यांना सांगते.”

“आणि हे काय करतात?”

“कधी करतात, कधी विसरतात.”

या वेळी हसू वेगळं होतं. बृजलालही हसले, जरा उशिरा. मग त्यांनी उभं राहून आपली चिठ्ठी वाचली, “ग्रामीण विकासासाठी शासनाने कोणती पावलं उचलावीत?”

फूलमती काठावरून सरकून खुर्चीत नीट बसल्या.

“शासनाचं मला नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. “शाळेचं सांगते. शाळा आठची. माझी नात पावणेआठला जाऊन पायरीवर बसते. तिच्यासारखी वीस-पंचवीस पोरं असतात. कुलूप सव्वानऊला, साडेनऊला उघडतं. इतके मास्तर लोक एका जागी बसलेले मी पहिल्यांदाच पाहते आहे, म्हणून विचारते. हे कुणाला विचारायचं असतं?”

नीलमचं पेन थांबलं. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला सुभद्राला पलीकडून दिसला.

“हा आजचा विषय नाही,” सक्सेना म्हणाले.

“माफ करा, मॅडम जी,” बृजलाल पुढे सरकले. “हिला कुठे काय बोलावं ते कळत नाही.”

सुभद्राला वाटलं, आता काहीतरी बोलून हे आवरतं घ्यावं. चहाची वेळ झालीच होती. वर्गात असं झालं तर शिक्षकाने काय करावं, हे तिने स्वतःच सकाळी फळ्यावर लिहून दिलं होतं: प्रश्न दडपू नये, थांबावं. लिहिताना ते फार सोपं वाटलं होतं.

“प्रश्न योग्य ठिकाणीच आला आहे,” ती म्हणाली. “उत्तर द्यायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.” आणि ती खाली बसली.

मग नीलम उठली.

“ती माझी शाळा आहे,” ती म्हणाली. “दोघींची आहे, पण दुसऱ्या मॅडमना मतदार यादीच्या कामाला लावून चार महिने झाले. किल्ली माझ्याकडे असते. मी शहरातून, अलीगंजहून येते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांचं सगळं करून निघेपर्यंत आठ वाजतात. पुढे दोन ऑटो बदलायच्या.” ती थांबली. “हजेरीत मी आठच लिहिते.”

शेवटचं वाक्य तिने सक्सेनांकडे न बघता म्हटलं. सव्वीस जणांत एकानेही मान वर केली नाही. आपापल्या शाळेचं कुलूप किती वाजता उघडतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

फूलमतींनी पदर मागे सारला.

“हे आधी सांगायचं होतंस, बेटा,” त्या म्हणाल्या. “एक किल्ली मला दे. आठला मी उघडीन. पोरं आत तरी बसतील. आणि त्या दुसऱ्या मॅडमना परत आणायला अर्ज कुणाला करायचा, ते लिहून दे.”

“किल्ली मी ठेवतो,” बृजलाल म्हणाले.

“हे नऊला उठतात,” फूलमतींनी खोलीला सांगितलं.

चहाच्या वेळी सक्सेना सुभद्राजवळ आले. “अहवालात लिहाल तर त्या मुलीला नोटीस जाईल. नाही लिहिलंत तर तुमच्या या दुपारच्या प्रयोगातून काय निघालं, ते मी वर दाखवू शकणार नाही. बघा तुम्ही.”

संध्याकाळी महानगर नावाच्या वस्तीतल्या घरी सुभद्रा कागद पुढे घेऊन बसली. तिचा नवरा श्रीपत पोस्टाच्या हिशेब कार्यालयातून येऊन कपडे बदलत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

“नोटीस निघायला एक ओळ पुरते,” तो म्हणाला. “पण बारा वर्षांत तू ती एकच दुपार मागितलीस.”

“हो.”

“मग?”

त्यांची मुलगी प्रिया मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “मम्मा, सच लिखना है कि नहीं, ये तो तुम्हारे ही सब्जेक्ट में आता है ना?”

सुभद्राने पेन उचललं. तिने लिहिलं, ‘मुलाखत पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले. पाहुण्यांनी प्रश्नांची उत्तरे दिली.’ एवढंच लिहून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी ती साडेनऊला संस्थेत पोचली. कचेरीच्या वेळेला बहुधा ती आणि चौकीदारच हजर असत. आज मात्र कडुनिंबाखाली सक्सेनांची गाडी उभी होती. ही गाडी अकराच्या आत आलेली तिने आजवर पाहिली नव्हती. ते खोलीत एकटेच बसले होते. टेबल पुसायलाही अजून कुणी आलं नव्हतं.

त्यांनी अहवाल घेतला. दोन ओळी वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ ते कागदाकडे बघत राहिले. मग सही करून त्यांनी तो फायलीत ठेवला.

“पुढची तुकडी जुलैत आहे,” ते म्हणाले. “तिसरा दिवस मोकळा ठेवला आहे. त्या येतील का पुन्हा?”

“विचारावं लागेल, सर.”

“यजमानांचा नंबर असेल ना तुमच्याकडे?”

“आहे,” सुभद्रा म्हणाली. “पण मी गावात जाऊन येईन. आठच्या सुमाराला.”