नाचणारं पिल्लू

साक्षीनं चिमट्यात धरलेला उंदीर सापाच्या पिल्लासमोर हलकेच हलवला. पिल्लू झेपावलं आणि चुकलं. उंदराच्या बाजूनं निघून त्याचं डोकं डब्याच्या भिंतीवर आपटलं, मान पिळवटली आणि पांढरं पोट वर करून ते थरथरत राहिलं. तिनं चिमटा मागे घेतला. पिल्लू सरळ होईपर्यंत ती थांबली, मग पुन्हा चिमटा पुढे केला.

"परत चुकलं का?" सुगतनं दारातून विचारलं. त्याचा मोबाइल डब्याकडे रोखलेला होता.

"दादा, मोबाइल खाली ठिव."

"अगं, लोकाला लय आवडायलंय हे. परवाच्या रीलला गाणं लावलं तर पार हैदराबादवरून फोन आले. नाचणारा अजगर म्हणायलेत."

"ते नाचत न्हाई. त्याला वर कुठं अन् खाली कुठं, तेच कळंना झालंय."

सुगतनं मोबाइल खाली घेतला नाही.

चुडाव्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत सुगत काही वर्षांपासून बॉल पायथन पाळत होता. आफ्रिकेकडची ही अजगराची बुटकी जात. विष नाही, चावरेपणा नाही; घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणारा प्राणी. वनखात्याचा परवाना भिंतीवर लावलेला होता. गावानं आधी नाकं मुरडली, मग आल्यागेल्या पाहुण्यांना ती खोली दाखवायला आणू लागलं. सुगतचं पूर्णेत औषधांचं दुकान असल्यामुळे तो दिवसभर तिकडे असे. डबे धुणं, पाणी बदलणं, खाऊ घालणं, अंडी सांभाळणं सगळं साक्षीकडे. इकडच्या उन्हाळ्यात अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देणंच अवघड. लाइट गेली की ती खिडक्यांना ओल्या चादरी बांधायची आणि तापमापकासमोर बसून राहायची.

मागच्या वर्षी सुगतनं एक नवा नर आणला. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, सोनेरी-काळी नक्षी. पण ती नक्षी रक्तात आली की तिच्यासोबत मानेचा दोषही येतो. कुणात तो कळेल न कळेल इतका असतो, कुणात इतका, की भक्ष्यावर नेमही धरता येत नाही. नक्षी ठेवून दोष काढून टाकायची सोय नाही. साक्षीला हे समजलं ते त्याची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर.

तिची स्वतःची मान जन्मापासून हलायची. बाळंतपणात मेंदूला इजा झाली होती, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. हात अगदी स्थिर, बोलणं स्वच्छ. फक्त मान सारखी 'नाही, नाही' म्हटल्यासारखी बारीक हलत राही. बाजारात भाजीवाली दोनदा विचारायची, नको का म्हणून. शाळेत एका मुलानं तिची नक्कल केली होती, तेव्हा सुगतनं त्याचं नाक फोडलं होतं आणि हेडमास्तरांपुढे उभं करूनही माफी मागितली नव्हती.

रविवारी नांदेडहून योगीराज नावाचा माणूस आला. नवीन कॅफे उघडणार होता आणि तिथे काचेच्या पेटीत ठेवायला त्याला ते नाचणारं पिल्लू हवं होतं. माणूस सभ्य होता. चप्पल बाहेर काढून आला, त्यांच्या आईच्या, सरजाबाईंच्या पाया पडला. साक्षी पाणी घेऊन आली तेव्हा त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. पुढे तिच्याशी बोलताना तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. अशी माणसं तिच्या ओळखीची होती. त्यांचा तिला राग येत नसे.

सुगतनं डबा आणून टेबलावर ठेवला, झाकण काढलं. पिल्लानं डोकं वर उचललं. ते डावीकडे कललं, मग मागे, मग गोल फिरून उलटं झालं.

योगीराज खळखळून हसला. "अरे वा. खरंच की." त्यानं मोबाइल काढला, पिल्लाभोवती फिरत चित्रण केलं. मग कॅमेरा स्वतःकडे वळवून त्यानं पिल्लासारखी मान डोलावली, डावीकडे, मागे, गोल. सुगतही हसला. हसता हसता त्याचं लक्ष साक्षीकडे गेलं आणि तो गप्प झाला. सरजाबाई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या होत्या.

"भाऊ, हे पिल्लू द्यायचं न्हाई," साक्षी म्हणाली.

योगीराजनं मोबाइल खाली घेतला. "फोनवर तर ठरलं होतं."

"आता न्हाई म्हणायलेय."

तो सुगतकडे वळला. सुगत डब्याचं झाकण हातात फिरवत होता. "बोलू आपण," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बोलू."

साक्षीनं त्याच्या हातातलं झाकण घेतलं, डब्यावर बसवलं आणि डबा उचलून आत नेला.

योगीराज चहा न पिताच गेला. सुगत मागच्या खोलीत आला.

"दारात आलेल्या माणसाला असं करतेत का?"

"चहा पिता पिता लोकं त्याला बघून हसणार होती."

"हसू दे की. त्याला काय कळायलंय? वेळेवर खायला भेटलं असतं, काचंचं घर भेटलं असतं."

"अन् तू पुढच्या साली आणखी काढली असतीस. मागणी हाय म्हणून."

"मग तुझं म्हणणं काय?" सुगतचा आवाज चढला. "ह्यानं जन्मालाच यायला नको होतं का?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. साक्षीनं डबा फळीवर सरकवला. हा प्रश्न तिला तोंडावर कुणी विचारला नव्हता. पण लग्नकार्यात, मयतीत, आईशेजारी बसलेल्या बायांच्या कुजबुजीत तिनं तो तुकड्यातुकड्यानं पुष्कळदा ऐकला होता.

"आईनं मला मुद्दाम असं केलं न्हवतं, दादा," ती म्हणाली. "तू ह्याला केलंस."

"मी काय..."

"नर आणताना तुला माहीत होतं का न्हवतं?"

सुगत फळीवरच्या डब्यांकडे बघत राहिला. "नक्षी लय सुंदर होती."

"माहीत होतं का न्हवतं?"

"होतं."

तो बाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतर बरेच दिवस दोघं कामापुरतंच बोलले. योगीराजचा फोन पुन्हा आला की नाही, ते साक्षीनं विचारलं नाही. सुगत संध्याकाळी मागच्या खोलीत येणं टाळू लागला. त्याला राग आलाय की लाज वाटतेय, हे तिला कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना. पिल्लाला ती आता सपाट ताटलीत उंदीर ठेवून देई. झेप घ्यावी लागली नाही की ते हळूहळू चाचपडत पोचायचं.

एका दुपारी सुगत दुकानातून लवकर आला. थोड्या वेळानं मागच्या खोलीतून त्याची हाक आली.

"साक्षे, जरा ये इकडं."

कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीत जुनी मादी वेटोळं घालून बसली होती. वेटोळ्यांच्या फटीतून पांढरी अंडी दिसत होती. हिवाळ्यात सुगतनं हिलाही त्याच नराशी जोडलं होतं.

"आत्ताच घातलीत," तो म्हणाला. "आत अजून काई झालेलं नसतं. फ्रीजमधी ठिवली तर तिथंच मरतील, त्यांना काई कळणार बी न्हाई. तू सांग."

"मी का सांगू?"

"निम्मी तशी निघतील ना."

"निम्मी नीट बी निघतील. हे जोडताना कुणाला विचारलं होतंस?"

साक्षीला संताप आला होता. केलं ह्यानं, आणि ठेवायची की मारायची, एवढं मात्र तिच्यावर टाकून हा मोकळा होणार होता. ती पेटीजवळ बसली. मादीनं फुत्कार टाकला आणि वेटोळं आणखी आवळलं. साक्षीनं तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तिचा श्वास संथ होईपर्यंत तसाच राहू दिला.

"पेन्सिल घे," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या वरच्या बाजूला खूण कर. उचलताना उलटं होऊ देऊ नको, आतला जीव मरतो."

"म्हंजे ठिवायची?"

"ठिवायची. तशी निघतील ती इथंच राहतील. कुणाला द्यायची न्हाईत, दाखवायची न्हाईत. तू खाऊ घालायचं, तुझ्या हातानं. तीस-तीस वर्षं जगतेत ही."

"अन् नर?"

"त्यो बी राहील. एकटा."

सुगत गुडघ्यांवर बसला. साक्षीनं मादीचं एकेक वेटोळं सोडवलं, तसतशी त्यानं अंड्यांवर खूण केली. मग पहिलं अंडं दोन्ही तळव्यांत घेऊन तो सावकाश उठला.

"अजून राग हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय," साक्षी म्हणाली, आणि उबवणीच्या पेटीचं झाकण त्याच्यासाठी उघडून धरलं.