यादीत नसलेला प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरात दोन टीव्ही चालतात. एक भिंतीवरचा आणि दुसरे आमचे हे. बातम्या देणारी मुलगी एक वाक्य बोलते, हे चार बोलतात. त्यातून सर्व्हेचे आकडे दाखवले की ह्यांचा पारा चढलाच म्हणून समजा. "कोणाला विचारून येतात हे लोक? मला तर आजवर कुत्र्याने विचारलं नाही!" सरकारी गोदामातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना राज्य चालवण्याखेरीज दुसरं काम उरलेलं नाही, आणि ऐकायला मी एकटी.

त्यामुळे त्या दुपारी बेल वाजली आणि गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब घेतलेली मुलगी "काका, निवडणुकीचा सर्व्हे आहे" म्हणाली, तेव्हा ह्यांना आकाश ठेंगणं झालं. धावत जाऊन शर्ट चढवला, पंखा वाढवला, मला चहा टाकायला सांगितला. मुलगी उन्हातून आलेली, चेहरा लालबुंद. पण चहा नको म्हणाली, पाणीसुद्धा नको म्हणाली.

"हं, लिहून घ्या," हे खुर्चीत सावरून बसले. "पहिला मुद्दा रोजगार. त्याचे तीन भाग पडतात."

"काका, एक मिनिट. आधी घरातल्या कोणाशी बोलायचं ते ठरवावं लागतं. मोठी माणसं किती?"

"आम्ही दोघंच."

"मग दोघांपैकी ज्यांचा वाढदिवस अलीकडे झाला असेल, प्रश्न त्यांनाच विचारायचे. नाहीतर दार उघडणारं माणूसच सगळीकडे बोलतं."

"मग मीच की! दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. धाकट्या भावाने हे घड्याळ दिलं." ह्यांनी पुराव्यादाखल मनगट पुढे केलं.

"आणि काकूंचा?"

"हिचा? हिचा थंडीत असतो." हे एका दमात म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. "थंडीतच ना गं?"

माझा वाढदिवस गेल्याच रविवारी होऊन गेला होता. हे सकाळीच कुठल्याशा सभेला गेले आणि संध्याकाळी बसलेला घसा घेऊन परत आले. मी गुळण्यांसाठी पाणी गरम करून दिलं आणि विषय काढला नाही. राग आला होता, चांगलाच आला होता. पण आठवण करून देऊन कौतुक करून घ्यायचं म्हणजे मला भीक मागितल्यासारखं वाटतं.

आताही गप्प बसले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. कोणीतरी आपल्याला विचारावं म्हणून हा माणूस किती निवडणुका तळमळत बसलाय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा? पण ती मुलगी टॅबवर बोट धरून माझ्याकडेच बघत होती. "काकू, तुम्हीच सांगा."

"गेल्या रविवारी झाला," मी म्हणाले.

ह्यांचा चेहरा असा काही पडला की मलाच वाईट वाटलं. रविवारी आपण कुठे होतो ते आठवलं असणार, हात नकळत गळ्याकडे गेला. तरी एक प्रयत्न केलाच. "अहो, पण हिचं मत मी सांगतो ना. आमचं एकच असतं!"

"तसं चालत नाही, काका. आणि मला काकूंशी एकट्यांशीच बोलावं लागेल."

हे स्वयंपाकघरात गेले. जन्मात कधी कपबशी न विसळलेला माणूस, पण थोडा वेळ कपबशा वाजल्या. मग तोही आवाज थांबला. ह्यांचे कान कुठे लागलेत ते मला न बघताही कळत होतं.

"राज्यापुढचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता वाटतो तुम्हाला?" मुलीने यादी वाचली. रोजगार, महागाई, रस्ते, पाणीपुरवठा, शिक्षण. रोज जेवताना मी ही यादी ऐकतेच. रोजगार म्हणून मोकळी झाले असते. पण ती मुलगी नुसती थांबली होती. माझं बोलणं पुरं व्हायची कोणी वाट बघतंय, याची मला सवयच नाही.

"बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत, हा," मी म्हणाले.

तिने मान वर केली. आता सुरुवात केलीच होती. "एवढा मोठा बाजार, बस स्टँड नवा बांधला, बाग केली. बायकांनी जायचं कुठे? एक आहे, त्याला कायम कुलूप. मला बाहेर पडायचं असलं की सकाळपासून मी पाणी पीत नाही. बहिणीकडे जायचं तर अख्खा दिवस बसमध्ये जातो, म्हणून जातच नाही. तिला सांगते, गुडघे दुखतात. ह्यांच्या मित्रमंडळींची दरवर्षी सहल निघते, बायकांसकट. मी नाही म्हणते. हे सगळ्यांना सांगतात, हिला फिरायची आवडच नाही. मीही मान डोलावते. हे काय चारचौघांत सांगायचं?"

मुलीने टॅबवरची यादी पुन्हा वर-खाली सरकवून पाहिली. "हे यादीत नाहीये. 'इतर'मध्ये घालते, पण सगळं लिहिते." मग टाइप करता करता हळूच म्हणाली, "मीही सकाळपासून पाणी प्यायले नाहीये, काकू. दारोदार फिरायचं असतं ना."

"अगं मग बोलायचं नाही का, शहाणे!" मी तिला हाताला धरून बाथरूमकडे नेलं. परत आल्यावर तिने दोन ग्लास पाणी घटाघटा प्यायलं, आणि मग आम्ही उरलेले प्रश्न संपवले. मत कोणाला देणार, ते मात्र मी सांगितलं नाही. तिलाही नाही आणि स्वयंपाकघरालाही नाही.

ती गेली तसे हे बाहेर आले. आता मला ऐकावं लागणार, मी मनाची तयारी केली. राज्याचे प्रश्न केवढे आणि तू बोललीस काय, विधानसभेत आता याच्यावर चर्चा करायची का, वगैरे. उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत.

पण ह्यांनी टीव्ही लावला नाही. खुर्चीच्या कडेवर टेकले.

"गुडघे..." हे म्हणाले.

"ठणठणीत आहेत."

अख्ख्या निवडणुकीत हे एवढा वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही. मग पुन्हा तोंड उघडलं, ते चुकीच्या घराची बेल वाजवल्यासारखं, चाचरत.

"म्हणजे तुला फिरायला आवडतं?"

"खूप," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.