लेकीची डबी

आमच्या ह्यांना डॉक्टरांचं काही म्हणजे काही पटत नाही. लेकीचं सगळं पटतं. लेक आरोग्याच्या गोळ्यांचं पॅकिंग बनवते, म्हणजे डबी कशी दिसावी, झाकण कुठल्या रंगाचं, अक्षर केवढं. बाजाराचा वारा तिला आधी कळतो. मागे म्हणाली, "आई, आता रंगीबेरंगी कोणी घेत नाही. पांढरी डबी, बारीक निळी अक्षरं. औषधासारखी दिसली की लोकांचा विश्वास बसतो."

लोकांचं जाऊ दे, पहिलं गिऱ्हाईक घरातच निघालं! 'हृदयाला बळ' लिहिलेली ती डबी ह्यांनी टीव्हीशेजारी मांडली, आल्यागेल्याला दाखवली आणि डॉक्टरांच्या प्रेशरच्या गोळ्या सरळ बंद केल्या. मी ओरडून ओरडून थकले. पालथ्या घड्यावर पाणी!

लेकीने हात जोडले. "बाबा, मी नुसती डबी करते हो. आत काय भरतात ते मला माहीत नाही."

"बघ, किती साधी आहे पोर!" हे मलाच म्हणाले.

शेवटी तिनेच युक्ती काढली. डबीतल्या गोळ्या गुपचूप ओतून टाकल्या आणि डॉक्टरांच्या भरल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. हे रोज सकाळी नेमाने एक घेऊ लागले. प्रेशर उतरलं. डॉक्टर खूश, हे त्याहून खूश. "बघितलंस? लेकीच्या डबीचा गुण!" सांगते कोणाला, आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मेला बाजार बदलला. डब्या मागे पडल्या. लोकांना म्हणे खिशात मावणारी पुडी हवी, फाडायची आणि पाण्यात ओतायची. लेकीने पुड्यांचं नवं खोकं बनवलं, नमुना घरी आणला. मी तेव्हा बहिणीकडे गेले होते. परत येऊन बघते तर टीव्हीशेजारी खोकं, आणि डबीचा पत्ता नाही.

"डबी कुठाय?"

"टाकली. पोरीचं नवं काम आलं आणि आपणच जुनं कवटाळून बसायचं?"

मी डबीत काय होतं ते सगळं सांगून टाकलं. लेकीनेही सांगितलं, रडत रडत. हे हसले. "दोघी मिळून मला परत त्या गोळ्यांवर आणताय होय? दूधखुळा वाटलो का?"

आता काय करायचं? पुडीला झाकण नसतं, तिच्यात काय भरणार? भाजीत गोळी चुरून घातली, तर कडू लागली म्हणून ताट सरकवलं. खरं पटेना आणि खोटं बोलायला डबी उरली नव्हती. रोज सकाळी ते पुडी फाडायचे आणि मी नुसती बघत राहायचे.

एका सकाळी पुडी फाडता फाडताच कोसळले.

उजवा हात गेला, वाचा गेली. जीव वाचला तेवढा. दवाखान्यात नर्स गोळी घेऊन आली की तोंड घट्ट मिटायचे, लहान मुलासारखे. लेकीला बघवेना. तिने ऑफिसात उरलेली एक पांढरी डबी शोधून आणली, गोळ्या तिच्यात भरल्या आणि ह्यांच्या डाव्या हातात दिली.

हे कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग अर्ध्या तोंडाने हसले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, "बघितलंस?" म्हटल्यासारखी. गोळीसाठी तोंड उघडलं.

डबी त्यांनी उलटी धरली होती. लेकीने ती सरळ केली नाही.