अकरा शिड्या आणि बारा किलो

आजीच्या शोकसभेत काय बोलायचं ते काकांनी मला कागदावर लिहूनच दिलं होतं. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. आठ महिन्यांपूर्वी आजोबा गेले तेव्हाही हेच तीन शब्द होते.

"आणि ते अकरा शिड्यांचं काढू नकोस," काका म्हणाले. "आपल्याच दुकानाची अब्रू चारचौघांत घालवायची नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचं दुकान लाकडी शिड्यांचं. आजोबा शिडी बनवायचे, त्यांच्यानंतर काका, आणि आजी ती चढायची. पार वरच्या पायरीवर उभी राहून दोनदा टाच आपटायची, खाली यायची आणि म्हणायची, "द्या." त्याशिवाय एकही शिडी उंबऱ्याबाहेर गेली नाही. आजी गेल्यापासून सव्वीस शिड्या भिंतीला टेकून होत्या, कारण चढणार कोण? मी चढले असते, पण माझं वजन अठ्ठेचाळीस किलो. आजी मला चढणाऱ्यांत धरायचीच नाही. काकांचं वजन भरपूर, पण ते घरातला बल्बसुद्धा काकूला बदलायला लावतात. उंचीवर त्यांचे पाय लटपटतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की सोमवारपासून पायरीला वाळूची गोणी टांगायची, की झालं काम. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

सभागृहात माझी पाळी आली तेव्हा मी तो कागद पर्समध्ये कोंबला आणि अकरा शिड्यांचंच काढलं.

सहा वर्षांपूर्वी आजी तापाने चांगलीच आजारी पडली. बरी झाली, कामाला लागली. चार महिन्यांनी आजोबा तिला दाखवायला दवाखान्यात घेऊन गेले. मीही होते. काट्यावर आजी चौऱ्याहत्तरची बासष्ट भरली. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर त्यांची समजूत घालायला लागले, की आता घाबरण्यासारखं काही नाही.

"हे बारा किलो कधी गेले?" आजोबांनी विचारलं.

"तापातच गेले असणार."

"माझी नाही हो, त्यांना शिड्यांची पडलीय," आजी डॉक्टरांना म्हणाली. पण घरी येऊन वही तिनेच उघडली. तापानंतर अकरा शिड्या विकल्या गेल्या होत्या. म्हणजे अकरा माणसं बारा किलोने कमी तपासलेल्या शिडीवर चढत होती. जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात तरी हा हिशेब आला असता का?

दुसऱ्या दिवसापासून वरात निघाली. आजीच्या दोन खांद्यांना दोन पिशव्या, प्रत्येकीत सहा किलोची वजनं. आजोबांच्या हातात करवत. मी तेव्हा नोकरी शोधत होते, म्हणजे रिकामटेकडीच होते, म्हणून शिडी धरायला मी. लोकांच्या दारात उभं राहून आजोबा सांगायचे, "आमची चूक झाली. जरा परत चढून बघू द्या." लोकांना वाटायचं, म्हातारा-म्हातारीला वेड लागलंय. मला तर तोंड लपवावंसं वाटायचं. आजी मात्र पदर खोचून चढायची.

दहा शिड्या ठणठणीत निघाल्या. नववी एका रंगाऱ्याकडे होती. तिची वरून दुसरी पायरी आजीच्या पायाखाली किंचित कुरकुरली. रंगारी म्हणाला, "चालतंय हो, इतकं काय." आजोबांनी तिथेच, त्याच्या दारात, स्वतः बनवलेली शिडी करवतीने मधोमध कापली आणि संध्याकाळी नवी पोचवली. त्या दिवसापासून मला त्यांची लाज कधीच वाटली नाही. उलट आजही कुणी विचारलं की मी छाती फुगवून सांगते, मी त्यांची नात.

"ही आमच्या दुकानाची अब्रू," मी म्हणाले आणि खाली बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मागच्या रांगेतून एक टकलू माणूस उठला. नखांत रंग होता. "तो रंगारी मीच. तेव्हा चालतंय म्हणालो होतो. पुढच्याच आठवड्यात माझा मुलगा माझ्या धंद्यात आला. रोज तीच नवी शिडी चढतो." मग त्याने काकांना विचारलं, "मालक, मला आणखी दोन हव्यात. आता कोण चढतं?"

काकांनी घसा खाकरला. आता गोणीचं सांगणार, असं मला वाटलं.

"मी," काका म्हणाले.

सोमवारी नऊ वाजता त्यांनी चप्पल काढली. मी शिडी धरली. तिसऱ्या पायरीवर त्यांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या, ते माझ्या हातांना कळत होतं. पाचवीवर ते थांबले, डोळे मिटले.

"इतकं पुरे?" त्यांनी विचारलं.

"आजी वरपर्यंत जायची."

काकांनी एक शिवी हासडली, ती कुणाला होती ते कळलं नाही, आणि पुढची पायरी चढले.